पन्नाशी उलटल्यावरचे पाच किलोमीटर

वाचकहो, या सदरातून मी तुम्हाला वेळोवेळी "चाला, फिरा, घाम गाळा" असे सांगत आलो आहे. आज एक कबुली द्यायची आहे. सांगणारा स्वतः चालत नव्हता. माझ्या घरापासून दवाखाना दीडशे-दोनशे पावलांवर, आणि तेवढ्यासाठीही मी स्कूटर काढत असे. सकाळी नऊ ते दीड आणि संध्याकाळी पाच ते नऊ खुर्चीत बसायचे, दुसऱ्याच्या पोटावर हात ठेवून तपासायचे आणि स्वतःचे पोट टेबलाच्या कडेला टेकवायचे, असा सत्तावीस वर्षांचा क्रम. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास आमच्या लॅबवाल्याने नवीन यंत्र आणले. ते तपासून पाहायला त्याला एक रक्त हवे होते, मी सहज हात पुढे केला. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तिचा आकडा ६.२ आला. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा वर गेला तर मधुमेह. मधला पट्टा म्हणजे उंबरठा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात आपल्या देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख असा अंदाज दिला होता. हा आकडा मी किती तरी रुग्णांना वाचून दाखवला असेल. त्या साडेतेरा कोटींत आपण स्वतः आहोत हे कळल्यावर मात घसा कोरडा पडला.

घसा कोरडा पडायला आणखी एक कारण होते. माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. १९९४ च्या उन्हाळ्यात एका रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या छातीत जड वाटू लागले. घरचे म्हणाले गॅस झाला असेल, तेही म्हणाले गॅसच आहे. सोडा प्यायले, पाठीला तेल चोळून घेतले आणि पडून राहिले. पहाटे गेले. मी तेव्हा इंटर्नशिप करत होतो, घरापासून दूर. त्यांचे वय होते ५३. तो ६.२ चा कागद हातात आला तेव्हा मीही ५३ चाच होतो.

ड्रायव्हरवरून आठवले. १९५३ साली लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढून-उतरून तिकिटे फाडणारे. पगार जवळपास तोच, वस्ती तीच, गाडीही तीच. पण हृदयविकार कंडक्टरांना कमी, आणि झाला तरी त्यातून वाचण्याचे प्रमाण जास्त. पुढे १९५६ साली याच मॉरिस यांनी कंपनीने दिलेल्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हर मंडळींच्या पँटची कंबर नोकरीच्या सुरुवातीच्या वयापासूनच मोठी असल्याचे दिसले. म्हणजे सगळेच श्रेय जिन्याला देता येत नाही. पण मूळ मुद्दा पुढच्या शेकडो अभ्यासांत टिकला. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले. आमच्या एस.टी.ला वरचा मजला नाही, पण बाजाराच्या दिवशीच्या गर्दीत मागच्या बाकापर्यंत तिकीट फाडत जाणारा कंडक्टर जिन्याहून कमी कष्ट करतो असे मला वाटत नाही. वडील त्यांच्या कंडक्टरला गमतीने म्हणत, "तू फिर, मी बसतो."

असो. तर तो कागद मी खिशात घालून घरी आलो आणि चूक ही केली की पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर सांगितला. दोन दिवसांनी तिचा फोन. "बाबा, तुमचे नाव घातले आहे पाच किलोमीटरच्या शर्यतीत. जानेवारीत आहे."

"अगं, मुंबईला येऊन पळू का मी? दवाखाना कोण बघेल?"

"यायचे नाहीच. सोनगीरलाच पळायचे."

हा व्हर्च्युअल शर्यत नावाचा प्रकार तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल, म्हणून थोडे सांगतो. आयोजक आठ-दहा दिवसांची मुदत देतात. त्या मुदतीत आपण आपल्या गावी, आपल्या सोयीच्या वेळी, ठरलेले अंतर पळायचे. मोबाइलमधले एक ॲप उपग्रहाच्या साहाय्याने अंतर आणि वेळ मोजते, ती नोंद पाठवायची. मग घरपोच पदक आणि प्रशस्तिपत्र येते. कोविडच्या वर्षात, २०२० साली, या प्रकाराला जोर आला. सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने त्या वर्षी १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर 'फिट इंडिया फ्रीडम रन' घेतली, तीही अशीच: कुठेही पळा, केव्हाही पळा, आपल्या चालीने पळा. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला दिल्लीची अर्धमॅरेथॉन झाली. निवडक धावपटू प्रत्यक्ष दिल्लीत धावले आणि बाकीच्या हौशी मंडळींनी आपापल्या गावी ॲप लावून अंतर पुरे केले. त्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २१ किलोमीटर ६० मिनिटे ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यातला जवान. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझी वेळ सांगायची आहे.

पळायचे म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते. पहिल्या दिवशी मी बूट चढवले आणि बस सुटताना पाहून पळावे तसा सुटलो. दुसऱ्या विजेच्या खांबाशी संपलो. खांबाला धरून उभा होतो, कानात सोनगीरच्या तांबटांचे ठोके पडावेत तसे ठोके पडत होते. तेवढ्यात दूध घालायला निघालेले एक आबा सायकलवरून उतरले. "डाक्टरसाहेब, काय व्हयनं? कोनी बिमार शे का?" डॉक्टर पळतो आहे म्हणजे कुठे तरी कोणी तरी शेवटच्या घटका मोजत असणार, असा सरळ अर्थ त्यांनी लावला. मी नाही म्हटले तर त्यांची नजर माझ्या पायांकडून वर छातीकडे गेली. बिमार कोण ते त्यांना कळले होते.

मग पुस्तकी उपाय धरला. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने आपल्या पन्नाशी उलटलेल्या आईसाठी नऊ आठवड्यांचा एक क्रम बसवला. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालायचे, मग एक मिनिट हळू पळायचे, दीड मिनिट चालायचे, असे वीस मिनिटे. पुढे पळण्याचे तुकडे लांबत जातात, चालण्याचे आखूड होतात. नवव्या आठवड्यात माणूस सलग अर्धा तास पळतो. मधल्या विश्रांतीच्या दिवसांना फार महत्त्व आहे, कारण हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, पण नडगीचे हाड, टाचेवरची जाड शीर आणि गुडघ्याभोवतीचे स्नायू यांना वेळ लागतो. दम पुरतो म्हणून माणूस वाढवत जातो आणि नडगी बोलते. माझीही चौथ्या आठवड्यात बोलली. दहा दिवस नुसते चाललो. त्यात डेंग्यूच्या रुग्णांची गर्दी, एक लग्न, आणि थंडी पडल्यावर शेतातल्या भरीत-भाकरीची दोन बोलावणी. नऊ आठवड्यांचे मला तेरा लागले. कोजागरीनंतर सुरू केलेले गाडे संक्रांतीच्या तोंडावर मुक्कामाला आले.

गावाचे म्हणाल तर पहिले पंधरा दिवस हसले, मग सरावले. चहाच्या टपरीवर एकाने विचारले, "डाक्टर, कोना मागे पयी राह्यनात?" दुसऱ्याने उत्तर दिले की रुग्ण पैसे बुडवून पळाला असेल. आमच्या सौं.चे म्हणणे वेगळे होते. तिला माझ्या अर्ध्या विजारीची लाज वाटत होती. मी पूर्ण लांबीची विजार घालू लागलो आणि घरातला विरोध मावळला.

शर्यतीच्या दिवशी, म्हणजे मी ठरवलेल्या रविवारी, पहाटे पावणेसहाला बाहेर पडलो. धुळे जिल्ह्याची जानेवारीतली थंडी तुम्हाला सांगायला नको. आमचा कंपाउंडर बॅटरी घेऊन मोटारसायकलवर मागून येणार होता, कारण अंधारात मला एकटे सोडायचे नाही असा घरचा हुकूम होता. निघताना त्याने अत्यंत प्रामाणिकपणे एक सूचना केली. "साहेब, मोबाइल मनाकडे द्या. गाडीवर पाच किलोमीटर करी आनस."

वाचकहो, व्हर्च्युअल शर्यतीवरचा सगळा आक्षेप या एका वाक्यात आला. पंच नाही, रेघ नाही, बघणारा नाही. मोबाइलला पाय नसतात, तो पळाला की फिरवला हे उपग्रहाला फारसे कळत नाही. काही ॲपवाले वेग पाहून पकडतात म्हणे, पण आमच्या रस्त्यावर सकाळी गाईंचा कळप आडवा असला की मोटारसायकलचाही वेग माझ्याइतकाच असतो. हे खोटे प्रशस्तिपत्र फ्रेम करून भिंतीवर लावता येते. फक्त त्याने रक्तातली साखर उतरत नाही. मी मोबाइल स्वतःच्या खिशात ठेवला.

महामार्गाकडे न जाता मी दोंडाईच्याकडे जाणारा रस्ता धरला. अडीच किलोमीटर जायचे आणि परत. पहिला किलोमीटर जड गेला. नेहमीच जातो. शरीर म्हणते, हे काय नवीन? दीड किलोमीटरनंतर श्वासाला लय येते. दोन्ही बाजूंना गहू, हरभरा, वेचणी संपत आलेला कापूस, आणि मागे वळून पाहिले की अंधारातून हळूहळू वर येणारा सोनगीरचा किल्ला. या किल्ल्याच्या पायथ्याशी इतकी वर्षे राहून मी तो पहाटे पाहिला नव्हता. कबुलीच द्यायला बसलो आहे तर हीही देतो.

तीन किलोमीटरनंतर माझी हवा गेली. पाय चालेनात. तेवढ्यात मागून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे आली. ही पोरे रोज पहाटे पळतात. मुलांना १६०० मीटर, पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत. मुलींना ८०० मीटर. त्यातला एक ओळखीचा, लहानपणी त्याला गोवराच्या लशीचे टोचले होते तेव्हा त्याने माझ्या हाताला चावा घेतला होता. तो वेग कमी करून माझ्या बाजूला आला. "काका, दम मोजू नका, खांब मोजा. दोन खांब पळा, एक चाला." एवढे सांगून गेला. वैद्यकशास्त्राच्या पाच-साडेपाच वर्षांत मला कोणी हे सांगितले नव्हते. दोन खांब पळालो, एक चाललो. मग तीन पळालो, एक चाललो.

दवाखान्यासमोर आलो तेव्हा वाटले, झाले. मोबाइल पाहिला तर ४.८६. एकशेचाळीस मीटर कमी. दवाखान्याच्या बाकावर रविवार असूनही तीन रुग्ण येऊन बसले होते. त्यांच्यासमोर, दवाखान्याच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत आणि परत, असे मी ते १४० मीटर पुरे केले. एका आजीबाईने नातवाला सांगितले, "डाक्टर गरम व्हई राह्यना, मंग तपासई."

वेळ झाली ४४ मिनिटे. अविनाश साबळे त्याच्या दिल्लीतल्या वेगाने तेवढ्यात पंधरा किलोमीटर पुढे गेला असता. पण आमच्या वयोगटात, आमच्या गल्लीत, माझा पहिला नंबर आला.

आता डॉक्टर म्हणून माझे मत. ते दोन्ही बाजूंचे आहे.

शर्यतीचे पदक विकत घेण्याचा हा धंदा आहे, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. आहेच. रस्ता आपला, बूट आपले, घाम आपला, आणि पैसे त्यांना. पण आमच्या धंद्यातले एक दुखणे असे की, रुग्णाला "व्यायाम करा" सांगणे आणि न सांगणे सारखेच. "रोज जमेल तसे" म्हणजे कधीच नाही. तारीख ठरली, अंतर ठरले, मुलीला तोंड दाखवायचे आहे हे ठरले, तेव्हा कुठे माझ्यासारखा आळशी माणूस उठला. दुसरे असे की, खऱ्या शर्यतीला जायची पन्नाशीतल्या माणसाला लाज वाटते. तिथे हजारो लोक, रंगीत बनियन, आपण शेवटचे येणार. इथे शेवटचा आलेला कोणाला दिसत नाही. सुरुवात करणाऱ्याला ही आडोशाची सोय फार मोलाची आहे. एकदा पाय बसले की मग मुंबई मॅरेथॉनला जा नाही तर जळगावच्या खान्देश रनला.

आणि जोरात पळायची काही गरज नाही. २०१४ साली अमेरिकेत पंचावन्न हजार माणसांच्या पाहणीचा निष्कर्ष आला. त्यात पळणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने येणारा मृत्यू न पळणाऱ्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी आढळला, आणि रोज पाच-दहा मिनिटे हळू पळणाऱ्यांनाही बराचसा लाभ दिसला. अशा पाहण्यांत पळणारी माणसे मुळातच निरोगी असण्याची शक्यता असते, लंडनच्या पँटीसारखी, म्हणून मी तो आकडा जरा बेताने घेतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ चा प्रयोग मला जास्त पटतो, कारण त्यात उंबरठ्यावरची आपली भारतीय माणसे घेऊन प्रत्यक्ष गट पाडले होते. आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. गोळी घेणाऱ्या गटातही जवळपास तेवढेच. म्हणजे गोळीचे काम पायांनी केले.

दुसरी बाजू काळजीची, आणि ती मी ठासून सांगणार आहे. खऱ्या शर्यतीत वाटेत पाणी असते, डॉक्टर असतो, रुग्णवाहिका उभी असते. आपल्या गावच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला तुम्ही पडलात तर पहिला पाहणारा कुत्रा असेल. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनी, आणि रक्तदाब, साखर, तंबाखू, विडी किंवा घरात लवकर हृदयविकार यांपैकी काहीही असेल त्याने, आधी तपासून घ्यावे. रक्तदाब, साखर, छातीची पट्टी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर पळत्या पट्ट्यावरची तपासणी. मी पट्टी काढून घेतली होती. ती काढताना माझ्या कंपाउंडरला झालेला आनंद मी विसरणार नाही.

घरी सांगून निघा. खिशात नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पळताना शेजारच्याशी एखादे वाक्य बोलता आले पाहिजे; बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. मोबाइल तुम्हाला सांगत राहील की काल तुम्ही अर्धा मिनिट लवकर आलात. त्याचे ऐकू नका, त्याला छाती नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी पळू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली की थांबून तो खावा. त्यांनी रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत, कारण साखरेने बधिर झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही.

आणि गॅस. खान्देशात छातीत जे जे दुखते ते सगळे गॅस असते. शेवभाजी खाल्ली, गॅस. लग्नात जागरण झाले, गॅस. बहुतेक वेळा तो गॅसच असतो, हीच तर फसगत आहे. चालताना किंवा पळताना छातीच्या मधोमध दाबल्यासारखे, आवळल्यासारखे झाले, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे गेले, थंड घाम सुटला, नेहमीपेक्षा निराळा दम लागला, तर तिथेच थांबा, खाली बसा, माणूस बोलवा. १०८ ला फोन लावा. थांबल्यावर बरे वाटले तरी त्याच दिवशी पट्टी काढून घ्या. सोडा पिऊन पडून राहू नका. माझ्या घरात एकदा तसे झाले आहे.

राहिला रस्ता. फौजा सिंग नावाचे पंजाबी गृहस्थ उतारवयात पळू लागले आणि २०११ साली टोरंटोला शंभराव्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन पुरी केली, हे पेपरात वाचले असेल. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ११४ व्या वर्षी, जालंधरजवळच्या आपल्या गावी रस्ता ओलांडताना गाडीने उडवल्यामुळे ते गेले. शंभर वर्षांचे हृदय दगा देत नाही, हमरस्ता देतो. आपल्या गावाला लागून मुंबई-आग्रा महामार्ग आहे. पहाटे तिथे ट्रकवाल्याच्या डोळ्यावर झोप असते, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. भरतीची पोरे कानात गाणी लावून काळे कपडे घालून पळतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. पोरांनो, पांढरा शर्ट घाला, समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने पळा आणि ते कानातले काढा.

याच कारणासाठी मी गेले दोन महिने एका शाळेच्या मैदानाच्या मागे लागलो होतो. माझ्या एका रुग्ण ताई आहेत, वय सेहेचाळीस, साखरेचा आकडा नऊच्या वर. मी पळू लागल्यावर त्यांनाही पळा म्हटले, निदान भरभर चाला. त्या म्हणाल्या, "डाक्टर, तुम्ही पयतस ते लोके हासतस. आम्ही पयनूत ते लोके नावं ठेवतीन." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पुरुष रस्त्यावर पळाला तर चेष्टा होते, बाई पळाली तर चौकशी होते. पहाटे अंधारात एकटीने रस्त्यावर जा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांना हवी ती भिंत असलेली, दिवा असलेली, फाटक असलेली जागा. अशी जागा गावात होती आणि सकाळी तिला कुलूप होते. किल्ली कोणाकडे, जबाबदारी कोणाची, उद्या काही झाले तर काय, या प्रश्नांत दोन महिने गेले. प्रश्न खोटे नव्हते. शेवटी शिपाईमामांनीच तोडगा काढला. ते तसेही साडेचारला उठतात, पाच ते साडेसहा फाटक उघडे ठेवतील, त्या वेळेत फक्त बायका. माझे म्हणणे एवढेच की, ज्या ज्या गावात शाळेला मैदान आहे तिथे गावकारभाऱ्यांनी असा एक शिपाईमामा शोधावा.

माझे पदक संक्रांतीनंतर तीन आठवड्यांनी कुरिअरने आले. रुंद फीत, वर पळणाऱ्या माणसाचे चित्र. रक्तदाब तपासायला आलेल्या एका तांबट रुग्णाला मी ते कौतुकाने दाखवले. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत त्यांची हयात गेलेली. त्यांनी ते तळहातावर तोलले, नखाने वाजवले आणि परत दिले. "पितळ नही शे डाक्टर. जस्तावर मुलामा शे." मी म्हटले, नाना, माझेही तसेच आहे. मार्चमध्ये पुन्हा रक्त तपासले, आकडा ५.८. वजन ८२ चे ७७. त्यात पळण्याचा वाटा किती आणि रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक केली त्याचा किती, हे मला वेगळे काढता येत नाही.

मैदानाची एक फेरी साधारण दोनशे मीटरची आहे, म्हणजे पाच किलोमीटरला पंचवीस फेऱ्या. सोमवारी पहाटे सहा जणी आल्या होत्या. त्या ताई साडी खोचून, मुलाचे जुने बूट घालून. मोबाइल कोणाकडेच नव्हता, मग फेऱ्या मोजायच्या कशा असा प्रश्न आला. त्यांनी घरून चिंचोके आणले होते. पंचवीस चिंचोके डाव्या मुठीत, आणि दर फेरीला फाटकाजवळच्या डब्यात एक टाकायचा. पहिल्या दिवशी त्यांचे नऊ पडले.